पाचवी कबर

हौशीराम, त्यांचे पुत्र येशुदास, येशुदासांचे पुत्र डेव्हिड. आणि डेव्हिडचा मुलगा नथानिएल. शिरूरच्या मिशन वस्तीतील हे आमचे घराणे. येशुदास माझे पती. ते नाव मी लाजून गाळणार नाही.

१९६१ सालच्या हंगामाच्या सणाला, भक्ती चालू असता, वस्तीतल्याच, फौजेतून परतलेल्या संपतने रानडुकरांसाठी घेतलेली दुनळी बंदूक मिशनच्या देवळात चालवली. चार माणसे गेली; त्यांत माझा डेव्हिड. शेवटची गोळी संपतने स्वतःवर झाडली. का, ते कोणालाच उमगले नाही. मी अजूनही विचारते.

आमच्याकडे दुःखाच्या घराने कुदळीला हात लावायचा नसतो, शेजार खणतो. पण वस्ती अकरा घरांची, सारी एकमेकांची सोयरी. चार कबरी पलीकडच्या मळ्यातील माळ्यांनी खणल्या. पाचवीसाठी, संपतच्या, कोणी उठेना. हवालदार म्हणाले, "दिवस मावळेपर्यंत माती दिली नाही, तर प्रेत बेवारस म्हणून नेऊ." संपतची आई दयाबाई बैलगाडीच्या चाकाला टेकून बसली होती.

दौंडच्या इंजिन शेडमध्ये नोकरीला असलेला नथानिएल बापाला माती देऊन वळला, त्याने कोट काढला आणि कुदळ उचलली.

शेजारची शेवंताबाई कडाडली, "आरं, बापाची माती अजून वली हाय, आन् तू वैऱ्याची कबर खणतूस?"

"मावशी, आधी खोरं द्या. शिव्या मागनं द्या."

मला रागापेक्षा कुतूहल अधिक वाटले. मी काठी टेकत खड्ड्याच्या काठाशी गेले. "नथानिएल, हे कोणाच्या हुकुमाने?"

"बाबांच्या, आजी. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत पणजोबा गेले, तवा भीतीनं कोणी दाराशी आलं न्हाई. संपतकाकांचे वडील तात्याबा एकटे आले, त्यांनी कबर खणली. बाबा म्हणायचे, ही एक कबर आपल्यावर हाय."

तात्याबाने त्या दिवशी आमच्याकडे पाणीही घेतले नव्हते. उपकार घेतल्याची ती गोष्ट मी त्रेचाळीस वर्षे घरात उच्चारली नव्हती. डेव्हिड तेव्हा सात वर्षांचा. त्याने खिडकीतून पाहिले असावे. मला मात्र कधी विचारले नाही.

कमरेइतके खणल्यावर कठीण मुरूम लागला. "आजी, एवढी पुरं का?"

"नाही. तुझ्या पणजोबांची पुरी सहा फूट होती. तेवढीच खण."

सूर्य टेकायच्या आत सहा फूट भरले. दयाबाईला मी हात देऊन उठवले. पहिली मूठ तिची, दुसरी माझी. संपतला क्षमा केली, असे नव्हे. तात्याबाचे ऋण मात्र आम्ही पुरते फेडले.