रोहिणीच्या कीर्तनातले नेहरू

शिवनाम सप्ताहात बाईचं कीर्तन ठेवायला गावाला बावीस वर्षं लागली. ते मोडायला गुंडप्पांना बावीस मिनिटंही नको होती.

गुंडप्पा सप्ताहाचे प्रमुख. मांजरसुंब्याच्या चौकात किराणा दुकान, कपाळभर भस्म, जीभ मिरचीहून तिखट. आदल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "रोहिणी, कीर्तन रंगलं तर ठीक. न्हाई तर म्होरल्या सालापास्नं बायांचं नाव काढायचं न्हाई."

रोहिणीनं मान डोलावली. कष्ट हीच पूजा, हा विषय धरला, आणि त्यावर आख्यान लावलं पंडित नेहरूंचं! याला धाडस म्हणावं की डोकं फिरलेलं, तुम्हीच ठरवा.

दुपारी चारला मंडप भरला. नऊ वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस देशाचा पहिला पंतप्रधान कसा झाला, ते तिनं रंगवून सांगितलं. मग आली पहिली निवडणूक. "मोठमोठी शहाणी माणसं म्हणत होती, अडाण्यांना कशाला मत? नेहरू हटले न्हाईत. आपल्या आज्ज्यांनी चित्र बघून पेटीत मत टाकलं!" बायांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात गुंडप्पा उठले. "थांब! देव न मानणारा मानूस ह्यो. मेल्यावर मंतर म्हनू नका, म्हनून लिहून ठिवलं त्यानं. त्याचं कीर्तन शिवाच्या मंडपात? आदिनाथ, माईक बंद कर!"

माईक सांभाळणाऱ्या आदिनाथनं खटका दाबला. मागची माणसं चपला शोधू लागली. रोहिणीला रडू आलं. खरं सांगायचं तर रागही आला, आणि रागच जास्त होता. आपण आज गप्प बसलो तर मागून येणाऱ्या सगळ्या पोरींचं तोंड बंद होणार, हे तिला पक्कं कळत होतं.

तिनं चिपळ्या खाली ठेवल्या आणि ती माईकशिवाय, मोकळ्या आवाजात म्हणाली, "अप्पा, तुमी म्हणता ते खरं हाय. पण अर्धंच. त्याच कागदात म्होरं लिहिलंय, माझी मूठभर राख गंगेत सोडा, बाकीची विमानातून शेतांवर टाका. जिथं शेतकरी राबतो, तिथल्या मातीत मला मिसळू द्या." ती अप्पांकडे वळली. "आपण लिंगायत. आपण माणूस जाळत न्हाई, मातीला देतो. अप्पा, गंगासागर काकू कुठं हायेत?"

चार वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं नाव गुंडप्पांसमोर कुणी काढत नसे.

"मळ्यात," ते हळूच म्हणाले. "विहिरीपाशी. माझ्या हातानं माती लोटली."

"मग शेताच्या मातीत जागा मागणारा माणूस आपल्याला परका कसा?"

गुंडप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. चारचौघांत, लपवाछपवी न करता. मग ते आदिनाथकडे गेले, स्वतः खटका दाबला, आणि माईक हातात घेऊन रोहिणीपुढे उभे राहिले. तोच माईक आधी त्यांनी स्वतःच्या तोंडाशी नेला.

"म्होरल्या सालचं कीर्तन रोहिणीचं. त्याच्या म्होरल्या सालचंबी. कुनाचं काय म्हननं हाय?"

कुणाचंच नव्हतं. टाळ असे कडाडले की मंडपावरची कबुतरं उडाली.

गुंडप्पांनी माईक तिच्या तोंडापुढे धरला. "पोरी, आता पहिल्यापास्नं सांग. मी रागात बसलो व्हतो. मला काईच ऐकू आलं न्हाई."