पिवळी खूण

गॅसवरच्या पातेल्याचं झाकण थडथडलं.

"थांब, चहा उतू जाईल," म्हणत सासूबाई उठल्या, आणि मला वाटलं, त्या सुटल्या. मी त्यांना तीन शब्द दिले होते: सुई, कंदील, पूल. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारून तेच शब्द परत विचारले होते. तेव्हापासून त्या नुसत्या खिडकीकडे बघत बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

चहाचे कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सुई. सुई नक्की होती. बाकीचं तुझं तू लक्षात ठेव बाई, पगार तुला आहे, मला नाही."

टेबलाखाली बसलेली माझी पाच वर्षांची लेक ओरडली, "कंदील आणि पूल! मला येतं!"

"मग जा, तूच कर ती नोकरी. आईला म्हणावं घरी बस."

आम्ही तिघी हसलो. चहा संपल्यावर मी फोन उघडला आणि सासूबाईंच्या नावापुढे पिवळी खूण केली. हिरवी म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे बरंच पुढे गेलेलं. पिवळी म्हणजे नुकती सुरुवात, अजून घरच्यांच्याही लक्षात न आलेली. नोकरीवर घेताना कंपनीच्या मॅडमनी सांगितलं होतं, घरातल्या एखाद्या वयस्कर माणसावर सराव करा, आणि तो नाव-पत्त्यासकट पाठवा. गेल्या वर्षभरात त्या किती वेळा पातेलं करपवून "गॅसच वाईट आहे" म्हणाल्या होत्या, ते सगळं पाठवताना एकदम आठवलं. तरी मी पाठवलं. कामच होतं ते.

आणि हे काम मिळायला मला फार वाट बघावी लागली होती.

मेंदूविज्ञानाची पदवी घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हिला कुठे ठेवू नि कुठे नको असं होईल. प्रयोगशाळेत म्हणाले, पुढचं शिक्षण करून या. दवाखान्यात म्हणाले, तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तुम्ही करणार काय? माझी वर्गातली मैत्रीण गाद्यांच्या दुकानात गेली. झोपेवर अभ्यास केला होता म्हणून तिला घेतलं, असं ती स्वतःच सांगून हसायची. माझं लग्न झालं, मूल झालं, आणि पदवी दिवाणखान्यात टांगली गेली. धाकटे दीर आले की तिच्याकडे बघून हमखास म्हणायचे, "वहिनी, जरा बघून सांगा ना, माझ्या डोक्यात काही आहे का?"

"एवढ्याशा पदवीवर नाही दिसत भावजी. त्याला फार बारीक यंत्र लागतं."

सासूबाई तेव्हा माझ्या बाजूने हसायच्या. पदवीवरची काच पुसायच्याही त्याच.

मग ही कंपनी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे जायचं, तासभर बसायचं, गप्पा मारायच्या आणि खूण करायची. ऑफिसात जाड गालिचा होता, पाऊल टाकलं तरी आवाज होत नव्हता. मॅडमनी माझी पदवी दोन्ही हातांत धरून वाचली. तशी ती कुणी वाचली नव्हती.

"आम्हाला डॉक्टर नकोत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर लगेच औषध द्यायला बघतात. आम्हाला फक्त ओळखणारं माणूस हवं."

"आणि ओळखल्यावर पुढे?"

"पुढची माणसं वेगळी आहेत आमची. तुम्ही काळजी करू नका."

पगाराचा आकडा ऐकून मी परत विचारला. नवऱ्यापेक्षा जास्त होता. घरी सांगितल्यावर तो म्हणाला, "झकास. आता मेंदू तू चालव, मी लोळतो." रात्रभर मला झोप आली नाही, आनंदाने.

मी फिरायला लागले. मला ते लोक आवडायचे, खरंच. त्यांतले एक आजोबा बसचालक होते, कधीच निवृत्त झालेले. मला खुर्चीत बसवून ते त्यांचा जुना मार्ग सांगायचे, एकेक थांबा, कुठे वळण, कुठल्या थांब्यावर शाळेची पोरं चढायची. मध्ये एका थांब्याशी अडायचे, कपाळ चोळायचे, आणि गाडी परत पहिल्यापासून काढायचे. मी निघाले तेव्हा त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि विचारलं, "तुमचं तिकीट काढलंय ना?" मी हो म्हटलं. खाली रस्त्यावर येऊन पिवळी खूण केली.

महिन्याभराने त्याच गल्लीत दुसऱ्या एका घरी जायचं होतं. म्हटलं, आजोबांना उभ्या उभ्या भेटावं. त्यांचं दार सताड उघडं. दोन माणसं कपाट बाहेर काढत होती. आत भिंतीवर चित्रांच्या जागी नुसते फिकट चौकोन.

शेजारची बाई दोरीवर चादर वाळत घालत होती. "विकलं त्यांनी घर," ती म्हणाली. "विकलं कसलं, फुकटात दिलं. एक माणूस यायचा रोज, गोड बोलायचा, बसची गोष्ट ऐकायचा. आता कुठल्याशा आश्रमात एक खोली दिलीय. परवा रिक्षा करून आले आणि या दाराला किल्ली लावत बसले. माझंच घर आहे म्हणे, मी कुठे विकलंय?"

"त्यांनी सही केली होती?"

"केली ना. शुद्धीत होते, असंच सगळे म्हणतात. मीसुद्धा म्हटलं असतं. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी चालायला लागले. पुढच्या घरी गेलेच नाही. हिरव्या माणसाला आपल्या घराचा भाव कळतो. लाल झालेल्याची सही कुठलंही कोर्ट धरत नाही. मधलं माणूस सही करतं, नीट, वळणदार, चारचौघांत शहाणं दिसत, आणि दुसऱ्या दिवशी विसरतं. ते मधलं माणूस बाहेरून ओळखू येत नाही. त्यासाठी शिकलेलं कुणीतरी लागतं.

वळणावर पोचेपर्यंत मी चालत होते. तिथे मला आठवलं की आम्ही राहतो ते घर सासूबाईंच्या नावावर आहे. मग मी पळत सुटले.

आमच्या दारात चकचकीत बूट होते, जोडीने नीट ठेवलेले. आतून सासूबाईंचं हसणं ऐकू येत होतं. कितीतरी दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

टेबलाशी एक तरुण माणूस बसला होता, इस्त्रीचा शर्ट, बॅग मांडीवर. लेक त्याच्यासमोर चित्र रंगवत होती. मला बघून तो अदबीने उभा राहिला.

"या ताई. तुम्ही तर आमच्याच की."

"आधी बाहेर व्हा."

"अगं, असं काय बोलतेस?" सासूबाई म्हणाल्या. "किती चांगला आहे तो. माझं सगळं ऐकून घेतो. तुम्हाला कुणाला वेळ असतो का?"

"आई, तुम्ही कशावर सही केलीत का?"

"सही? कसली सही?"

मी त्याच्याकडे वळले. तो बॅगेची चेन लावत होता, सावकाश. "तुम्ही उगाच घाबरता. घरच्या लोकांना आम्ही भाव जास्त देतो. आणि मॅडम तुमचं फार कौतुक करतात. म्हणतात, एवढं अचूक कुणीच ओळखत नाही." दारात वाकून त्याने बूट घातले, नाडी बांधली. "येतो आजी."

"ये हं. उद्या लवकर ये," सासूबाई म्हणाल्या.

मी कडी लावली. परत आले, सासूबाईंपुढे गुडघ्यांवर बसले, त्यांचे हात हातात घेतले. "आई, नीट आठवा. त्याने काही कागद दिला होता? तुम्ही काही लिहिलंत?"

त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. मला दिसत होतं. डोळे खिडकीकडे गेले आणि तिथेच राहिले.

"पेन छान होतं त्याचं," त्या म्हणाल्या. "जड."

मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला, लहान मुलीच्या फिरवावा तसा. "अगं, झालं काय? कुणी बोललं का तुला?"

लेक रंगीत खडू टाकून जवळ आली. माझ्या पाठीला बिलगली आणि कानाशी, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, म्हणाली,

"आई, आजी विसरते, हे आपल्या घरातलं ना? मग त्या काकांना कुणी सांगितलं?"