गोदाबाईंची हाक

म्हातारं कबुतर घर बदलत नाही, हे वेंकोबा रावांना कुणी शिकवायला नको होतं. मैलापुरातल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर उभी हयात कोलांट्या घेणारी कबुतरं पाळलेला माणूस तो. दुसऱ्या कुणी म्हातारं कबुतर नव्या घरी नेऊन उडवायचा वेडेपणा केला असता, तर ह्यांनीच त्याला चारचौघांत फाडून खाल्लं असतं. पण कळतं आणि वळत नाही अशी एखादी गोष्ट शहाण्यातल्या शहाण्याचीही असते. वेंकोबांची ती गोष्ट म्हणजे अक्का.

अक्का ही राखी रंगाची, नऊ वर्षांची मादी. ती चार दिवसांची असताना तिच्या आईला ससाण्यानं उचललं. गोदाबाईंनी, म्हणजे वेंकोबांच्या बायकोनं, ते उघडंवाघडं पिल्लू कापसात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवलं आणि भिजवलेले हरभरे वाटून बोटानं भरवून जगवलं. एरवी गोदाबाईंचं आणि कबुतरांचं, त्यांच्या बोलीत पुरांचं, विळ्याभोपळ्याचं सख्य. "तुमच्या ह्या पुरांपायीं माझे वडाम-पापड एक वर्ष धड वाळले नाहींत," असं त्या रोज करवादायच्या, आणि रोज संध्याकाळी बाजरीचा डबा खुळखुळवत गच्चीवर त्याच चढायच्या. "ये गे माय, ये, जेवायला ये!" ही त्यांची हाक. बाकीची कबुतरं वेंकोबांच्या शिट्टीला उतरत. अक्का उतरायची ती त्या हाकेला. वेंकोबा शिट्टी मारून मारून गाल दुखवून घेत आणि ही बया वरच्या वर घिरट्या घालत बसे.

"पुरा माझा, आणि ऐकतो तुझं," ते म्हणायचे.

"बायकोपण तुमचीच. ती तरी ऐकत्ये का?" गोदाबाई म्हणायच्या.

आणि तरीही अक्कावाचून वेंकोबांचं पान हलत नसे. कोलांट्यांच्या स्पर्धेत कबुतर एकटं किती वेळा उलटतं त्याला कुणी विचारत नाही. साऱ्या थव्यानं एका क्षणी उलटायचं, दोरा सुटावा तसं गरगरत खाली यायचं, आणि सावरून पुन्हा एकत्र व्हायचं. वर्षा-दीड वर्षाच्या पोरांना हे कुठलं जमायला! अंगात मस्ती असते. एक इकडे उलटतं, एक तिकडे भरकटतं, एखादं तर थांबायचं कुठे तेच न कळून कठड्यावर आपटून मरतं. लग्नघरात वडीलधारं कुणी नसलं की जशी ताटं वाढेपर्यंत भांडणं होतात, तशी गत. अक्का मधोमध असली की पोरं वळणावर येत. ती उलटली की सगळी उलटत, ती सावरली की सगळी सावरत. तरणी पाखरं बक्षीस आणतात असं लोकांना वाटतं. ते आणवतं म्हातारं पाखरू.

पुढे गोदाबाई गेल्या. ताप आला काय आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं काय. तेरावा होतो न होतो तोच घरमालकानं सांगितलं, घर पाडून फ्लॅट बांधायचेत. मुलगा रंगा अण्णा नगरात राहत होता. तो म्हणाला, "अप्पा, आमच्याकडे चला. आमची मोट्टमाडी इथल्या गच्चीहून मोठी आहे, पुरांनापण घेऊन चला." मुलगा भला, सून हेमावती त्याहून भली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्याच वेळी वेंकोबांचा जुना दोस्त सुब्बा घरी आला होता. दोन गल्ल्या सोडून त्याची गच्ची. तो म्हणाला, "लहान पुरांना ने. अक्काला माझ्याकडे सोड. इथलं आभाळ तिच्या ओळखीचं. हळूहळू उतरेल माझ्या माडीवर."

"ती गोदाची आहे रे," वेंकोबा म्हणाले. "गोदा गेली, घर गेलं, आता हीपण देऊन टाकूं?"

सुब्बानं मग कबुतरं टोपल्यांत भरायला हात लावला.

अण्णा नगरात वेंकोबांनी अक्काला कित्येक महिने खुराड्याबाहेर सोडलं नाही. तिथे तिनं नर धरला, अंडी घातली, दोन पिल्लं वाढवली. ज्या घरी मादीनं अंडी उबवली ते घर तिनं मानलं, असं पाळणारे म्हणतात. मग वेंकोबा तिला उपाशी ठेवून थोडा थोडा वेळ उडवू लागले. ती घरांच्या उंचीवरच फिरायची आणि सगळ्यांच्या मागून, भुकेपोटी, उतरायची. वेंकोबांना तेवढं पुरे होतं.

"अक्का रुळली," रंगा बायकोला म्हणाला. "अप्पापण रुळले."

अप्पा त्या साऱ्या महिन्यांत एकदाही मैलापुराला गेले नव्हते, आणि बायकोसाठी त्यांच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. दोन्ही गोष्टींना लोक रुळणं म्हणत होते.

स्पर्धेच्या सकाळी वेंकोबांच्या गच्चीवर पंच म्हणून कबुतरवाल्यांच्या क्लबानं नेमकं सुब्बालाच पाठवलं. रात्री पाऊस पडून आभाळ लख्ख झालं होतं. सुब्बानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वेंकोबा, पंच म्हणून नाहीं सांगत. हिला आज कोंडून ठेव. सगळे पुरे आज उंच जातील. उंचावरून मैलापुरातलं कपालीच्या देवळाचं गोपुर दिसतं."

"तिच्याशिवाय पोरं फुटतील."

"फुटूं देत. पोरं परत येतील."

वेंकोबांनी अक्काला हातात घेतलं. तिचं ऊन अंग तळव्यात धडधडत होतं. गोदाची पोर ही. ती आपल्याला सोडून कुठे जायची नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी हात मोकळा केला.

थवा चढला, आणि काय चढला! अक्का मधोमध, पोरं तिला बिलगून. ती उलटली तशी सगळीच्या सगळी उलटली, उन्हात पांढऱ्या पोटांची एक सर कोसळली आणि खाली येऊन पुन्हा एक झाली. पुन्हा तसंच. सुब्बा आपण पंच आहोत हे विसरून टाळ्या पिटू लागला. रंगा ओरडला. खाली हेमावती पदर डोक्यावर घेऊन अंगणात येऊन बघत राहिली.

मग थवा आणखी वर गेला. अक्कानं एक मोठा फेरा घेतला, आणि फेरा पुरा न करताच ती सरळ झाली. आग्नेयेला, मैलापुराच्या दिशेनं. पोरं वळणाची, शहाणी. सगळी तिच्या मागोमाग गेली.

सुब्बानं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "स्पर्धा गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "तूं आधीं जा."

रंगानं स्कूटर काढली. वेंकोबा मागे बसले, मांडीवर टोपली, हातात बाजरीचा डबा.

घर नव्हतंच. विटांचे ढीग, सिमेंटचे चार खांब, आणि मध्ये पावसाचं पाणी साचलेला खड्डा. दमलेली पोरं शेजारच्या भिंतीवर रांगेनं बसली होती. वेंकोबांनी शिट्टी घातली तशी एकेक करून मुकाट उतरली. अक्का बसली नव्हती. ती वरून यायची, जिथे गच्ची असायची तिथवर, बरोब्बर तेवढ्याच उंचीवर यायची, पाय पुढे करायची, पंख झाडायची, आणि पायांखाली काहीच नाही असं बघून पुन्हा वर उठायची. शेजारची भिंत तिला नको होती. पुन्हा यायची, पुन्हा पाय पुढे करायची. आता तिची चोच उघडी पडली होती.

वेंकोबांनी शिट्टी घातली. डबा वाजवला. हात पसरले. शिट्टीला ती कधी उतरली होती म्हणून आज उतरणार?

रंगाला वाटलं, अप्पांना उन्हाची भोवळ आली. कारण ते खड्ड्याच्या काठावर ओणवे झाले होते. मग त्याला आवाज ऐकू आला. म्हाताऱ्या पुरुषाचा फाटका आवाज, पण चाल त्याच्या आईची, शेवटच्या शब्दावर वर चढणारी.

"ये गे माय, ये… जेवायला ये!"

अक्का हवेत थबकली. मान वाकडी केली. आणि अशी थेट खाली आली की तिच्या पंखांचा वारा वेंकोबांच्या तोंडाला लागला. त्यांच्या मनगटावर बसली. त्यांच्याकडे पाहिलं नाही तिनं. त्यांच्या खांद्यामागे, जिना असायचा तिकडे, ती मान लांब करकरून बघत राहिली. कुणीतरी यायचं होतं.

वेंकोबांना तिथेच रडू फुटलं. चितेपुढे आलं नाही, तेराव्याला आलं नाही, ते सगळं आता आलं. आणि रडता रडताच त्यांनी दुसरा हात तिच्या पंखांवर टाकला, तिला टोपलीत कोंबलं आणि झाकण लावलं.

"सुब्बा मामाकडे ठेवूं का तिला?" रंगानं विचारलं.

"दोन गल्ल्यांवरून हेच येऊन बघेल रोज," वेंकोबा म्हणाले. "नाहीं. आतां तिला सोडणं नाहीं."

पुढच्या वर्षी अक्काच्याच पिल्लांनी अण्णा नगरात मोठा कप आणला. तो हेमावतीनं काचेच्या कपाटात ठेवला. अक्का वरच्या जाळीत होती, जन्मभरासाठी. तिथे हवा होती, ऊन होतं, दाणापाणी वेळच्या वेळी होतं.

स्पर्धेच्या त्या दिवशी मैलापुराहून परतले त्याच संध्याकाळी वेंकोबा डबा घेऊन जाळीपाशी गेले होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी हळूच म्हटलं होतं, "ये गे माय, ये." अक्कानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून ती पार टोकाला जाऊन बसली. त्याच हाकेनं आज तिला टोपलीत घातलं होतं. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं नाही. दाणे वाटीत ओतले आणि जिना उतरले.

"जेवली का हो अक्का?" हेमावतीनं विचारलं.

"जेवेल," वेंकोबा म्हणाले. "मी तिथून गेल्यावर जेवेल."