थोरल्याची चौकशी

संगमेशच्या मागून अर्ज केलेली पोरं कॅनडात बर्फ उडवतानाचे फोटो टाकायला लागली, तरी याच्या अर्जापुढे आपलं तेच: सुरक्षा तपासणी चालू आहे. बाकीच्यांचं घोडं गंगेत न्हालं, याचं मात्र वेशीतच पेंड खात बसलेलं. बायको दानेश्वरी नर्सच्या नोकरीवर पुढे गेली तेव्हा पोटुशी होती. लेक तिकडेच झाली. आता ती फोनच्या काचेवर हात आपटून 'अप्पा' म्हणायची, आणि संगमेश अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात, फोन कानाला घट्ट लावून रडायचा. चांगला हुंदके देऊन रडायचा.

मग एकदा बाळीवेशीतल्या त्यांच्या गल्लीत कुठल्याशा पडताळणी कंपनीचा माणूस येऊन गेला. बिभीषण त्याचं नाव. संगमेश तेव्हा कामावर होता. संध्याकाळी शेजारच्या शरणम्मा कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनीच हाक मारली.

"आला हुता की रं तुमची चौकशी करायला. मी लई चांगलं सांगितलं. म्हनलं, दोनी पोरं गुनाची हायती."

"दोन्ही?"

"व्हय की. तू आनि थोरला."

"काकू, मला कुठला थोरला? मी एकटाच आहे की."

घरातली भांडणं झाकणाऱ्याकडे बघावं तसं शरणम्मांनी त्याच्याकडे बघितलं. "मागच्या दारात बसलेला असतोय की रोज दिवेलागणीला. तुज्यावानीच हाय, जरा हडकुळा. बोलत न्हाय कुनाशी."

संगमेश हसायला गेला, पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही. त्या मागच्या दारात रोज दिवेलागणीला त्याची आई कमलम्मा एक पितळी ताटली ठेवायची. चतकोर भाकरी, शेंगाचटणी, वर थोडं दही. मांजराला, असं म्हणायची. त्या घरात मांजर आलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याने बिभीषणला फोन लावला. म्हणाला, मला भाऊ नाही, अर्जातही तसंच लिहिलंय, लोकांच्या बोलण्यावर जाऊ नका.

"असं काय करता साहेब?" बिभीषण म्हणाला. "तुमच्याशीच तर बोललो मी, मागच्या दारात. नाव विचारलं, संगमेश म्हणालात. वडील चनबसप्पा. म्हटलं, जायचंय ना कॅनडाला? तर म्हणालात, मला कुणी कधी कुठं नेलंच न्हाय."

संगमेशची पाचावर धारण बसली. तो तसाच आईपुढे जाऊन उभा राहिला, आणि कमलम्माला सांगावंच लागलं.

त्याच्या आधी एक होता. पाळण्यातच तापाने गेला. त्याचंही नाव संगमेशच. घराण्याची रीत अशी, की मूल गेलं तर पाठच्याला तेच नाव ठेवायचं. पण बारशाआधी आईने पुरलेल्या जागी जाऊन गेलेल्याला सांगायचं, तुझं नाव याला दिलं, आता तू जा.

"तुजा बाप संगं उभा हुता. मी नुसते ओट हलवले," कमलम्मा म्हणाली. "पोटच्या पोराला जा म्हनवंना रं मला."

"अव्वा, आता म्हण. तुझ्या पाया पडतो. माझी लेक मला कधी बघायची?"

कमलम्माने पितळी ताटली पदराने पुसली. मग विचारलं, "तू गेल्यावर हितं कोन राहनार माज्यापाशी?" संगमेश म्हणाला, मी येत जाईन की. असं सगळेच म्हणतात, आणि आयांना ते माहीत असतं.

सोमवारी दोघं रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत गेली. लिंबाखालच्या एका ओळखू न येणाऱ्या जागेवर कमलम्माने दह्याची वाटी ठेवली आणि या खेपेला स्पष्ट बोलली. "ह्येला समदं मिळालं बाळा. शाळा, लगीन, लेकरू. तुला काय मिळालं? जा. आता तू जा."

संगमेशला वाटलं, सुटलो. आईच्या बोलण्यात 'कुठं जा' हे आलंच नव्हतं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

आणि काय सांगावं, थोड्याच दिवसांत मंजुरी आली. गल्लीत पेढे वाटले. दानेश्वरी फोनवर बोलता बोलता रडली. निघायच्या संध्याकाळी बॅग पुढच्या दारात उभी, पासपोर्ट वरच्या कप्प्यात. गाडीला अवकाश होता.

"जाता जाता माज्या हातचं खाऊन जा," कमलम्मा म्हणाली, आणि त्याला मागच्या दारात बसवलं. ताटली तीच होती. संगमेशने ती ओळखली, पण आईपुढे कसलं उष्टं-खरकटं? भाकरी संपवून त्याने चटणी बोटाने पुसून खाल्ली. तेवढा वेळ कमलम्मा भिंतीकडे बघत होती.

बाहेर हॉर्न वाजला. तो उठायला गेला, पण पाय दुसऱ्याचे असल्यासारखे हललेच नाहीत. पुढच्या खोलीतून बॅगेची चाकं घरंगळत गेली. "येतो अव्वा," असा आवाज आला. त्याचाच आवाज होता. संगमेश ओरडला, जीव तोडून ओरडला, पण कमलम्माने दाराला कडी घातली आणि पदर डोळ्यांना लावला.

दोन दिवसांनी शरणम्मा कुंपणापाशी येऊन मागच्या दारातल्या संगमेशला म्हणाल्या, "गेला व्हय धाकटा? बरं झालं, तू तरी हाईस आईपाशी."

दिवेलागण झाली. कमलम्माने ताटली आणून त्याच्यापुढे ठेवली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "एक तितं सुकात, एक माज्यापाशी. चुकलं आसंल माजं, पन मला दोगंबी पायजे हुतासा रं," म्हणाली आणि आत गेली. आत फोन वाजला. दानेश्वरी आनंदाने सांगत होती, "अव्वा, हे पोचले बघा! लेक कडेवरनं उतरायला तयार नाही."

मग पोरीचा आवाज आला, "अप्पा."

संगमेशने दारातून ओ दिली. ती कुणाला ऐकू गेली नाही. फोनमधल्याने दिली, ती ऐकून पोर खिदळली.