मिस्त्रींची दुर्बीण

"अगं, त्या कडीला हात लावू नकोस!"

मिस्त्रीणबाई एवढ्या जोरात ओरडल्या की झुडपावरची पिवळी फुलपाखरं भुर्रकन उडाली. सुनेने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अंधुक दिसतंय म्हणालात ना, आई? दुर्बिणीच्या उजव्या भिंगाची ही कडी फिरवली की झालं."

"ती ह्यांनी लावलीय. ह्यांच्या डोळ्याला जुळेल अशी."

सासरे जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

पंपदुरुस्तीत आठवडाभर हात काळे करायचे आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवली की स्वारी निघाली ह्या अभयारण्यात, असा मिस्त्रींचा खाक्या. "चल गं, एकदा तो खंड्या तरी बघ," म्हणून दर वेळी आर्जव. बाई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायच्या, "गिऱ्हाईक दारात उभंय. त्याचे कपडे काय तुमचा खंड्या शिवणार?" पुढच्या रविवारी जाऊ म्हणता म्हणता माणूसच गेला. आता तो खंड्या त्यांच्याच दुर्बिणीतून बघायचा, एवढाच बाईंचा हट्ट होता.

"आई, तो बघा! पाण्यातल्या खुंटावर!" सून कुजबुजली.

बाईंनी घाईघाईने दुर्बीण लावली. मधलं चाक फिरवलं. डाव्या डोळ्याला पक्षी दिसू लागला, पण उजव्याला नुसता निळा डाग. दोन्ही मिळून सगळाच गोंधळ. पक्षी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

"फिरवू का?"

क्षणभर बाईंचंच बोट कडीवर गेलं. मग सुईत दोरा ओवताना मिटायच्या तसा त्यांनी उजवा डोळा मिटला.

निळी पाठ, तांबूस पोट, शरीराला न शोभणारी लांब चोच. मिस्त्री सांगायचे तस्साच. त्याने पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन परत खुंटावर येऊन बसला. इतकी वर्षं ह्यांना एकटंच पाठवलं, बाईंच्या मनात आलं.

"दिसला?"

"दिसला गं. उगाच नव्हते मागे लागत."

त्यांनी पिशवीतलं दोऱ्याचं रीळ काढलं. उजवी कडी फिरू नये म्हणून तिच्याभोवती दोरा घट्ट गुंडाळला, गाठ मारली आणि दातांनी तोडला. मग दुर्बीण सुनेच्या गळ्यात घातली.

"घे, आता तू बघ. उजवा डोळा मीट."