काढून टाकलेली ओळ

“ही ओळ कोणी काढली?” ताईंनी विचारलं.

“मी. उगाच वेळ खात होती,” टीमचा लीड म्हणाला. मान वर करायचीही तसदी त्यानं घेतली नाही.

प्रोग्राममधली ती ओळ ताईंची होती. प्रोग्राममध्ये स्क्रीन रंगवणं आणि क्लिक ऐकणं हे एकट्या मेन थ्रेडचं, म्हणजे कामाच्या मुख्य धाग्याचं काम. बाकीच्या थ्रेडनी मागे राबायचं. मागच्या कुणाला काही विचारायचं असेल तर त्यानं मेन थ्रेडला सांगायचं, प्रश्नाची चौकट, म्हणजे डायलॉग, तो दाखवतो. ताईंची ओळ नेमका हाच निरोप मेन थ्रेडला द्यायची. परस्पर दाखवायला गेलं तर कधी खपून जातं, पण जुन्या मशीनवर हमखास सगळं थिजतं. हे या लीडला ताईंनीच शिकवलं होतं. तेव्हा हाही इतरांसारखा ‘ताई, ताई’ करायचा. आता मॅडम म्हणतो. गेल्या महिन्यात याच्याच चुकीनं स्क्रीन थिजली आणि यानं भर मीटिंगमध्ये ती ताईंच्या गळ्यात मारली. “मॅडमचा कोड आता जुना झालाय.” साहेब हसले होते. ताईंची लीडची जागा याला मिळाली.

ताईंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पड म्हणावं तोंडावर, चारचौघांत! त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्रोग्राम सुरू व्हायचा होता. नोंदणीच्या काउंटरवर एक बाई, पुढे पेशंटची रांग, मागे मोठे डॉक्टर, साहेब आणि लीड. मशीन जुनाट होतं. ते बघूनच ताईंना बरं वाटलं. बाईंनी एका म्हाताऱ्याचं नाव भरलं. त्या नावाचा पेशंट आधीच नोंदलेला होता; हा तोच का, हे विचारायला डायलॉग आला. पांढरा, आत एक अक्षर नाही. मग काहीच हलेना.

बोल आता, ताई मनात म्हणाल्या.

“बाई, दोनदा दाबलंत ना?” लीड बोललाच.

“नाही हो, एकदाच दाबलं.”

“काल दिवसभर शिकवलंय यांना,” तो साहेबांना म्हणाला.

डॉक्टर भडकले. “साधं बटण दाबता येत नाही तुम्हाला? उद्यापासून मागे फायली लावत बसा!”

बाईंनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. त्या मीटिंगमध्ये ताईंनीही हात असेच ठेवले होते.

“त्यांची चूक नाही,” ताई म्हणाल्या आणि आवाज चढला तो चढलाच. “ओळ यानं काढली! काल माझ्यासमोर कबूल केलंय. मागच्या वेळचं खापरही यानंच माझ्यावर फोडलं होतं!”

लीडचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. ताईंना आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं. चांगला पोटभर झाला.

“म्हणजे तुम्हाला कालच माहीत होतं?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.



बाईंनी पुन्हा ताईंकडे पाहिलं नाही. खणातून कोरा कागद काढून त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, “आजोबा, नाव परत सांगा. मी हातानं लिहून घेते.”