न बघितलेल्या भागाचा निकाल

कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात दुपारचे डबे संपले, की मशीनं सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं कोर्ट भरायचं. आदल्या संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकांत कोण बरोबर वागलं आणि कोणाचं चुकलं, याचा निकाल लागायचा. पांढरं बटण म्हणजे बरोबर, काळं म्हणजे चूक. मुठीत झाकून पत्र्याच्या डब्यात टाकायचं, शेजाऱ्याला दिसता कामा नये. ही पद्धत बाईंनी स्वतः घालून दिली होती. तोंडी मत मागितलं की सगळे आधी बाईंच्या तोंडाकडे बघत, आणि मग निकालात काही रामच उरत नसे.

बाई म्हणजे दुकानाच्या मालकीण. बाहीची झीज बघून गिऱ्हाईक कोणत्या हाताने पिशवी धरतं ते सांगायच्या. मालिकांतही त्यांची नजर कपड्यांवर. "ज्याला मापाचा नवा कोट शिवलाय, तो सहा महिने मरत नाही," त्या म्हणत. "खांद्यावर उसना कोट लोंबकळताना दिसला, की समजा आठवड्याभरात अपघात." आणि व्हायचाच अपघात! त्यामुळे बाईंचा शब्द दुकानात शेवटचा असे, आणि तो शेवटचा असतो हे बाईंइतकं कोणालाच पटलेलं नव्हतं.

कोर्टाचा नियम एकच होता. ज्याने भाग बघितला नाही, त्याने बटणाला हात लावायचा नाही. एकदा इस्त्रीवाले काका मेहुण्याकडून ऐकून आले आणि मत द्यायला पुढे सरसावले, तर बाईंनी त्यांच्या मुठीतून बटण काढून घेतलं होतं. "ऐकीव गोष्टीवर न्याय करायला आपण काय गावगप्पा मारायला बसलोय?"

आता गंमत अशी, की साडेसातला दोन वाहिन्यांवर दोन मालिका एकाच वेळी लागत. एक जहाजावरच्या डॉक्टरची, ती बाईंची लाडकी. दुसरी काचेचा कारखाना असलेल्या घराण्याची, ती घरी वरच्या खोलीत बाईंची सून बघायची. काका आणि काजं करणारी चष्मेवाली, दोघंही काचवाल्यांच्या बाजूचे. "जाहिराती लागल्या की मी तिकडेही बघते," असं बाई सांगत. साफ खोटं होतं. जहाजावरचा डॉक्टर इतका देखणा होता, की जाहिरातीत वाहिनी बदलली आणि परत येईपर्यंत तो दिसायचा राहिला, ही जोखीम बाई घेत नसत. काचवाल्यांचं जे काही त्यांना ठाऊक होतं, ते दुकानातल्या बोलण्यातून वेचलेलं.

मंगळवारी डबे आवरल्यावर सून म्हणाली, "आज माझा एक खटला आहे."

सून एरवी कोर्टात कमी बोलायची. कापायच्या टेबलावर उभी राहायची आणि कात्री चालवायची. कोणत्याही कोटाचा घेर अर्ध्या बोटाने असा कमी करायची, की मालकालाही वाटावं आपणच बारीक झालो. दुकानाचं नाव बाईंचं होतं, पण गेली सहा वर्षं गिऱ्हाईक सुनेच्या हातासाठी येत होतं. हे बाईंना माहीत होतं आणि बोलून दाखवायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

"काचवाल्यांच्या मोठ्या सुनेला परगावच्या शाळेत शिकवायला बोलावलंय," सून सांगू लागली. "दोन वर्षांसाठी. तिला जायचंय. पण कारखान्यात तिच्यावाचून पान हलत नाही. सासू मायाळू आहे, तरी तिला विचारायची हिच्यात हिंमत नाही. नवरा म्हणतो, तूच विचार. तर तिने जावं की नाही?"

काकांना एकदम खोकला आला. चष्मेवालीने काजात इतकं डोकं घातलं, की चष्मा कापडाला टेकला.

"तुम्ही बघितलात ना आई, कालचा भाग?"

"म्हणजे काय! बघितला की," बाई म्हणाल्या.

डब्यातून चार पांढरी बटणं निघाली. बाईंना चेव चढला. "जावं का म्हणून काय विचारता? कालच गाडीत बसायला हवं होतं तिने! एका सुनेवाचून कारखाना बंद पडत असेल, तर त्या सासूने इतकी वर्षं काय माश्या मारल्या? आणि सासू कसली मायाळू? जिला साधी गोष्ट विचारायची हिंमत होत नाही, ती मायाळू नव्हे. ती नुसती गोड बोलते."

सुनेने मान खाली घातली आणि कात्री उचलली. काकांनी त्या दिवशी एकाच पँटला तीनदा इस्त्री केली.

आपण असं काही फर्मास बोललो की बाईंना ते पुन्हा पुन्हा आठवून बघायची सवय होती. ज्या पोरीची आपण इतकी बाजू घेतली, ती दिसते तरी कशी, असं त्यांना वाटलं. सकाळी आठला कालपरवाचे भाग पुन्हा दाखवत. बुधवारी चहाचा कप घेऊन त्या टीव्हीसमोर बसल्या.

काचवाल्यांची मोठी सून इस्पितळात होती. नाकात नळी. सोमवारच्याच भागात जिना उतरताना पडली होती आणि तेव्हापासून बेशुद्ध होती. धाकटी जाऊ उशाशी रडत होती, डॉक्टर नकारार्थी मान हलवत होते. बाई अर्धा तास वाट बघत राहिल्या, की आता ही उठेल, बॅग भरेल. ती काही उठली नाही. शाळा नाही, पत्र नाही, गाडी नाही.

चहा निवून गेला. मग बाईंच्या डोक्यात एकेक टाका बसू लागला. जिच्यावाचून पान हलत नाही अशी सून कोणाच्या घरात होती? आणि "तूच विचार" म्हणणारा नवरा तर बाईंनी स्वतःच जन्माला घातला होता. लेकी बोले सुने लागे, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. इथे सून बोलली होती आणि सासूला चांगलंच लागलं होतं.

आधी आला तो राग. भर दुकानात मला फसवलं! काका नि चष्मेवालीला ठाऊक होतं आणि दोघं मिठाची गुळणी धरून बसले! दुकानाच्या वाटेवर मात्र रागाला सुटकेचं दार सापडलं. मी भाग बघितलाच नव्हता, असं म्हटलं की झालं. माझाच नियम, माझंच मत बाद. थोडी नाचक्की होईल, पण सून घरात राहील. दोन वर्षं तिच्याशिवाय, या विचारानेच बाई झपाझप चालू लागल्या. पण त्याच्या पाठोपाठ आपलंच वाक्य टोचत होतं, ती नुसती गोड बोलते.

दुपारी डबे संपले. बाई उभ्या राहिल्या.

"कालचा निकाल रद्द. मी तो भाग बघितला नव्हता. नियम म्हणजे नियम."

सुनेचा चेहरा पडला. काका घसा खाकरून म्हणाले, "बाई, पण आम्ही बघितला होता..."

"आणि तरी मत दिलंत! एका बेशुद्ध बाईला परगावी धाडताना लाज नाही वाटली?" चष्मेवाली फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. बाई सुनेकडे वळल्या. "आणि तू गं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? काचवाल्यांना राहू दे तिकडे. तुझं काय आहे ते तुझ्या तोंडाने सांग."

सुनेने सांगितलं. शिवणकामाच्या शाळेचं पत्र आलं होतं. कापणं शिकवायचं, दोन वर्षं. गाडीने आठ तास. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. एकही शब्द तिने गाळला नाही.

"पत्र कधी आलं?"

"पंधरा दिवस झाले."

"मग पंधरा दिवसांपूर्वी सरळ का नाही विचारलंस?"

"सरळ विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

'जा म्हणाले असते' हे उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. गोडही होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "आणि नाही हा शब्द न वापरता म्हणाले असते. आधी गर्दीचे दिवस संपू दे म्हटलं असतं, मग माझ्या गुडघ्यांचं दुखणं काढलं असतं, मग आणखी काहीतरी. दोन वर्षं अशीच खाल्ली असती तुझी, आणि तुला कळलंही नसतं."

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"आणि आज, आई?"

"आज मला तुझा राग आलाय. आणि भीती वाटतेय. त्या टेबलाशी तू नसणार, घरी गेल्यावर भांडायला कोणी नसणार. माझा मुलगा भांडत नाही, तो नुसती मान डोलावतो. तुझ्यावाचून मला करमायचं नाही, हे तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. पण ते माझं मी बघेन. ते तुझ्या गळ्यात बांधणार नाही. तू जा."

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी गल्ल्याजवळचा कागद ओढला, त्यावर पेन ठेवलं आणि कापायच्या टेबलावरची कापडं बाजूला सारून जागा केली.

"बस. उत्तर लिही."

"आत्ता?" सून डोळे पुसत हसली. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे की."

"शुक्रवारपर्यंत मला तुला अडवायला शंभर कारणं सापडतील," बाई म्हणाल्या. "आत्ताच लिही."